काचेतला बैल आणि आबांचा डोळा

माझे सासरे, आबा, न्हावऱ्यात शेती बघतात आणि दारात गाई आहेत. काही वर्षांपूर्वी उसाचं पाचट काढताना उसाच्या पानाची धार त्यांच्या उजव्या डोळ्याला लागली. आधी त्यांनी अंगावर काढलं. पुण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत बुबुळावर पांढरा डाग धरला होता. त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

दुसरा डोळा चांगला आहे, तेव्हा फारसं अडणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. पण त्यांचा अंतराचा अंदाजच गेला. किटलीतला चहा कपाबाहेर सांडायचा. बादली खुंटीला अडकवताना हात अलीकडंच थांबायचा. मग त्यांना एक सवय लागली. कशालाही हात घालण्याआधी ते मान हळूच डावीउजवीकडं हलवायचे. चारचौघांत ते विचित्र दिसायचं. सासूबाई कोपरानं ढोसायच्या, की आबा मान सरळ धरायचे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याला थ्रीडी सिनेमा बघायला गेलो. मी, मिस्टर, आमची मुलगी आणि आबा. काळा चष्मा लावून मुलगी पडद्यातून उडत येणारे पक्षी धरायला हात पुढं करत होती. मध्येच दगड अंगावर आल्यासारखे वाटले तेव्हा सगळं थेटर दचकलं, आबाही दचकले. घरी सासूबाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, लई चांगला होता. मलाही तसंच वाटलं. आमची मजा चालली होती, त्यांच्याकडं नीट बघितलं कुणी?

मी शिरूरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते. यंदा विज्ञान प्रदर्शनात होलोग्राम ठेवायचं आमच्या विभागाच्या मॅडमनी ठरवलं. होलोग्राम म्हटलं की मला सणसवाडीतल्या मोबाइलच्या दुकानातला पंखा आठवायचा. त्याच्या पात्यांवरचे बारीक दिवे एवढ्या वेगानं फिरतात की फोन हवेत तरंगतोय असं वाटतं. मॅडम म्हणाल्या, तेही शेवटी सपाट चित्रच, बाजूला जाऊन बघितलं तरी तेवढंच दिसतं.

आम्ही ट्रॅक्टरच्या ट्यूबवर वाळूचा ट्रे ठेवला, म्हणजे जमिनीचे हादरे वर पोचू नयेत. वाळूत पितळेचा छोटा बैल, त्याच्या मागं लपेल असा एक लोखंडी नट आणि पुढं उजेड टिपणारा लेप लावलेली काचेची प्लेट. अंधार करून लेसर सोडला. त्याचा थोडा उजेड सरळ प्लेटवर येतो. थोडा प्लेटमधून आरपार जातो, बैलावर आपटतो आणि परत प्लेटवर येतो. हे दोन उजेड एकमेकांत मिसळले की प्लेटमध्ये केसाहून कितीतरी बारीक नक्षी उमटते. पुढं कधीही त्या प्लेटवर दिव्याचा झोत टाकला, की ती नक्षी उजेडाला अशी वळवते, जणू तो बैलावरूनच निघालाय. बैल कपाटात असला तरी. पहिल्या वेळी रस्त्यानं उसाचा ट्रक गेला आणि प्लेट वाया गेली. पुढच्या वेळी आम्ही पंखा बंद करून, श्वास धरून उभ्या राहिलो, तेव्हा जमलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आबा गाईचं औषध घ्यायला शिरूरला आले होते, तसेच कॉलेजात आले. मी त्यांना टेबलापाशी नेलं. प्लेट बघून ते म्हणाले, आपल्याला असलं काही दिसत नाही, उगाच लोकांचा खोळंबा नको. मी दिवा नीट धरला. ते वाकले आणि सवयीनं मान हलली. लगेच त्यांनी ती सरळ केली, आजूबाजूला लोक होते ना.

मी म्हणाले, "आबा, हलवा मान. ती हलवायचीच असते."

त्यांनी मान डावीकडं नेली, उजवीकडं नेली, परत डावीकडं. बराच वेळ ते तसेच बघत राहिले.

"मागं नट हाय," ते म्हणाले. "बैलाच्या मागं. हिकडून दिसतोय, समोरनं न्हाई."

मग प्लेटच्या मागं हात घालून त्यांनी चाचपून बघितलं. तिथं काहीच नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या सिनेमात मला अंगावर येताना काय सुदिक दिसलं न्हाई. समदी दचकली म्हणून मीबी दचकलो. वाटलं, डोळ्याबरोबर आपलं हेबी गेलं."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. सिनेमात पडद्यावर दोन चित्रं असतात, थोड्या वेगळ्या जागेवरनं घेतलेली. चष्मा एका डोळ्याला एक देतो, दुसऱ्याला दुसरं. दोन्ही जुळवून खोली दाखवतो तो मेंदू. एकच डोळा असला की एकच चित्र पोचतं, ते सपाटच दिसणार. प्लेटचं तसं नाही. ती खिडकीसारखी असते, डोळा जिथं न्याल तिथून वेगळी बाजू दिसते. आबा मान हलवून खोली ओळखायला शिकले होते, तीच सवय इथं कामाला आली.

त्यांनी विचारलं, मग सिनेमावाले असं का करत नाहीत. मी म्हणाले, एक न हलणारा बैल पकडताना आमची एवढी तारांबळ उडाली, हलती माणसं दाखवायची तर त्या बारीक नक्षीचा अख्खा पडदा क्षणाक्षणाला बदलावा लागेल. प्रयत्न चाललेत. बिनचष्म्याचे, प्रत्येक बाजूला वेगळं चित्र सोडणारे पडदे निघालेत, पण ते अजून आपल्याकडच्या थेटरात आले नाहीत.

उन्हाळ्यात दौंडची नणंद माहेरपणाला आली आणि परत थ्रीडीचा बेत निघाला. आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "त्यो दोन डोळ्यांचा असतोय. साधा असला तर मी येतो."

नणंद जरा गोंधळली. सासूबाईंना मी सगळं आधीच सांगितलं होतं. आम्ही साध्या सिनेमाची तिकिटं काढली, आणि मध्यंतरात आबा मुलीला सिनेमातल्या माणसांबद्दल इतके प्रश्न विचारत होते की तिचं पॉपकॉर्न तसंच राहिलं.