कबड्डीची फायनल आणि दरीवरची जागा

१. सकाळी लॅबमध्ये बाबांचा नमुना मीच तपासला. फ्लू निघाला.
२. दुपारी जेवताना बाबा म्हणाले की रविवारी ते फायनलला जाणारच.
३. आपल्या रांझी भागातले असे फ्लूचे रिपोर्ट या आठवड्यात बरेच आले. ती नावं मी सांगणार नाही. बाबांचं त्यांना विचारून लिहिते आहे.

"काहून घाबरून राहिली? उघड्या मैदानावर तर बसायचं आहे," बाबा म्हणाले.

मैदान उघडं आहे, पण आपण दरीवर, म्हणजे सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून बसतो आणि एकाच परातीतून चिवडा खातो. बाबांच्या शेजारी दरवर्षी त्यांचे मित्र विनूकाका असतात. ते डायलिसिसवर आहेत.

मी काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा बाप आला तर मी येणारच. तो नसला तर भांडू कोणाशी?"

हे मी बाबांना सांगितलं. ते आता घरी थांबतील, म्हणजे काकाही येणार नाहीत.

पण बाकीचे रिपोर्टवाले कोणाच्या शेजारी बसतात, हेही मला माहीत आहे आणि बोलता येत नाही. तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही.

सामन्याच्या समितीला विनंती आहे. सामना प्रेक्षकांविना घ्या किंवा पुढे ढकला. काय ठरलं ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत इथेच, या ग्रुपवर कळवा.