ऑल क्लिअरचा भोंगा

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आमची इंजिनिअर कंपनी पुण्याजवळ होती आणि मी तिथे रेडिओ ऑपरेटर हवालदार होतो. चक्रीवादळ कोकण किनाऱ्याकडे वळल्याचा संदेश सकाळी आला. दुपारपर्यंत आमची तुकडी घाट उतरून पनवेलला पोहोचली. मुलकी प्रशासनाला मदत, एवढंच ऑर्डरमध्ये लिहिलेलं होतं.

तुकडीत मराठी बोलणारा मी एकटाच. माझे वडील तालुक्याच्या बाजारात हमाल होते आणि मी घरातला पहिला पदवीधर. ज्या गुरुजींनी मला कॉलेजात पाठवलं त्यांची त्या दिवशी फार आठवण झाली, कारण मराठी नीट येतं म्हणून कॅप्टन साहेबांनी मला नगरपालिकेतल्या बैठकीला शेजारी बसवलं.

वादळात शहर कसं चालवतात हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मला वाटायचं, वारा आला की सगळं बंद पडतं आणि वारा गेला की सुरू होतं. पण त्या टेबलाभोवती बसलेले लोक काय बंद करायचं आणि काय काही झालं तरी चालू ठेवायचं, हे ठरवत होते. वीज आपणच आधी तोडायची, म्हणजे तुटलेल्या तारेने कुणी मरणार नाही. वीज जायच्या आत पाण्याच्या टाक्या भरून घ्यायच्या. दवाखान्याच्या जनरेटरला डिझेल पोहोचवायचं. एसटीच्या गाड्या झाडांपासून लांब उभ्या करायच्या. आमचा एक सेक्शन करवती घेऊन खांदा कॉलनीच्या रस्त्यावर राहणार होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली माणसं वरच्या शाळेत न्यायची होती, आणि त्यांचं जेवण भाताच्या गिरणीच्या गोदामात शिजणार होतं.

कॅप्टन साहेबांनी माझ्यामार्फत विचारलं, "फोन जाणार, लाऊडस्पीकर वाऱ्यात ऐकू येणार नाही. धोका टळला हे सगळ्यांना कळवायचं कसं?"

कोळीवाड्याचे धर्मा नाखवा मागे उभे होते. ते म्हणाले, "गिरनीचा भोंगा हाय ना. तो पार खाडीपातुर ऐकू येतो."

सगळ्यांना ते पटलं. गिरणीचा भोंगा तिच्या स्वतःच्या डिझेल इंजिनावर चाले, त्याला शहराची वीज लागत नसे. ठरलं असं की कंट्रोलकडून, म्हणजे नगरपालिकेतून, माणूस निरोप घेऊन गेला की गिरणीने एक लांब भोंगा द्यायचा. तोच ऑल क्लिअर. गिरणीच्या मॅनेजरने मान हलवली.

नाखवा मात्र जागचे हलले नाहीत. मला म्हणाले, "हवालदार, साहेबाला सांग. वारा पयला जमिनीकडून येल. मंग जरा पडंल, आनि फिरून दर्याकडून येल. फिरायच्या आत होड्यांचं दोर बदलून दुसऱ्या अंगाला बांधायला लागतात. नायतर होड्या धक्क्यावर आपटून फुटतील."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "आधी माणूस, मग होडी. ऑल क्लिअर होईपर्यंत कुणी खाडीवर जाणार नाही."

मी तेही सांगितलं. नाखवा म्हणाले, "होडी नाय तर मानसानं खायाचं काय, ते पन इचार." ते मी सांगितलं नाही. साहेबांना सूर कळला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही कोळीवाडा रिकामा केला. नायक गुरमेल सिंग या कामावर होता. कालव्यात पोहून वाढलेला पंजाबी गडी, मोठ्या आवाजाचा आणि हलक्या पायाचा. नाखवांच्या थोरल्या बहिणीला, चांगुणाबाईंना, गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं. गुरमेलने त्यांना सरळ पाठीवर घेतलं.

"अरं सरदारा, मी काय भाताची गोन हाय? उतरव मला."

"हवालदार साब, माताजी क्या कह रही हैं?"

"उतारने को कह रही हैं."

"बोल दो, स्कूल में उतारूँगा. और बोल दो, मेरी दादी इनसे भारी थी."

मी तेवढं भाषांतर केलं. चांगुणाबाई म्हणाल्या, "तुज्या दादीला गिलायला चांगलं मिलत असंल." बायका हसल्या, आणि त्यानंतर घरं सोडायला कुणी फार खळखळ केली नाही.

मी रेडिओ सेट घेऊन शाळेत थांबलो. माझा कॉल साइन थ्री. गुरमेल चार जवान, दोर आणि एक बोट घेऊन खाडीच्या धक्क्याजवळच्या पक्क्या शेडमध्ये राहिला, तो टू. साहेब नगरपालिकेत कंट्रोलवर. वारा वाढत गेला. शाळेची दोन कौलारू छपरं उडाली, तेव्हा आम्ही सगळ्यांना स्लॅबच्या खोल्यांत दाटीवाटीने बसवलं. दर अर्ध्या तासाने मी रिपोर्ट देत होतो. कुणी जखमी नव्हतं. दवाखाना चालू होता. टाकीत पाणी होतं. आमचं काम नीट चाललं होतं असंच आम्हाला वाटत होतं.

बाराच्या थोडं आधी वारा एकाएकी पडला. आणि बारा वाजता गिरणीचा भोंगा झाला. लांब, एकच.

खोल्यांतले कोळी एका क्षणात उठले. मी सेटवर गेलो.

"कंट्रोल, थ्री. भोंगा बज गया है. ऑल क्लिअर दिया क्या? ओव्हर."

"निगेटिव्ह. ऑल क्लिअर नहीं. लोगों को रोको. ओव्हर."

मी फाटकाकडे धावलो. पंधरावीस पुरुष निघून गेले होते, नाखवा सगळ्यांत पुढे. बायका-पोरं मागोमाग निघाली होती. मी ओरडलो की भोंगा खरा नाही. पण भोंगा तर सगळ्यांनी ऐकला होता. शेवटी मी चांगुणाबाईंना म्हणालो, "आक्का, वारा परत येतोय. यांना आवरा."

त्या भिंतीला धरत आल्या आणि फाटकाच्या मधोमध बसल्या. "जायाचं त्यांनी मला तुडवून जावा," म्हणाल्या. एकही बाई पुढे गेली नाही.

मी पुन्हा सेटवर.

"टू, थ्री. आदमी लोग खाडी की तरफ आ रहे हैं. रोको. ओव्हर."

"थ्री, टू. आ चुके. नावों पर चढ़ गए हैं. ओव्हर."

मध्येच कंट्रोलचा आवाज आला. "टू, सबको उतारो. तुरंत. ओव्हर."

मग गुरमेलचा आवाज आला, शांत. "कंट्रोल, टू. ये ऐसे नहीं उतरेंगे, साब. रस्सी बदलवाकर साथ ले आता हूँ. मेरे लड़के भी लग जाएँगे तो जल्दी होगा. ओव्हर."

साहेबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. त्यांच्या जागी कुणीही घेतला असता. जबरदस्ती करायची तर चार जवान आणि पंधरावीस चिडलेले लोक, तेही होड्यांवर. त्यात जो वेळ गेला असता, तोच वेळ दोर बदलायला पुरणार होता.

"रॉजर. दस मिनट. आऊट."

पुढचं मला नंतर कळलं. गुरमेल नाखवांना म्हणाला, तुम्ही सांगा, आम्ही ओढतो. भाषा अर्धीच समजत होती, पण दोर कसा ओढायचा ते दोघांनाही ठाऊक होतं. एक होडी झाली की तिच्यावरच्या माणसांना तो शेडमध्ये पाठवायचा. शेवटची होडी नाखवांची होती. तिचा दोर बांधून होत असतानाच वारा समुद्राकडून आला, आणि खाडीचं पाणीही आलं. गुरमेलने नाखवांना कमरेला धरून धक्क्यावर ढकललं. होडी उसळून धक्क्यावर आदळली. तो मध्ये होता.

"थ्री, टू." हा आवाज त्याच्या एका जवानाचा होता; ते गुरमेलला उस्ताद म्हणत. "सब सिविलियन अंदर हैं. उस्ताद नहीं रहे. ओव्हर."

मी "रॉजर" म्हणालो.

वारा संध्याकाळी ओसरला. होड्या बहुतेक सगळ्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची वीज आली, नळाला पाणी आलं, एसटी सुटली. शहर त्या अर्थाने चांगलं चाललं होतं, आणि तसं लेखी कौतुकही झालं.

भोंगा का झाला, याची चौकशी झाली. गिरणीत बाळाराम नावाचा इंजिन सांभाळणारा माणूस होता. त्या दिवशी तो गोदामात खिचडी वाढायची तयारी करत होता. खिचडी झाली, बारा वाजले, आणि त्याने जेवणाचा भोंगा दिला. रोज बाराला तो देतच असे, असाच एक लांब. कंट्रोलचा निरोप आल्यावर लांब भोंगा द्यायचा, हे त्याला सांगितलं होतं. जेवणाचा देऊ नकोस, हे कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीत बसलेल्या आम्हा कुणाला गिरणी कामगाराचं जेवण आठवलं नाही. चौकशीत दोष कुणावर ठेवला गेला नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

पनवेल सोडण्याआधी बाळाराम मला भेटला. त्याने विचारलं, "साहेब, तो माज्यामुलं गेला काय?"

मी म्हणालो, "तो शेवटच्या माणसासाठी थांबला, म्हणून गेला." त्याचं समाधान झालं नाही. गुरमेलच्या धर्मात मेलेल्या माणसासाठी काय करतात, ते त्याने विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, की ते लोकांना जेवू घालतात.

पुढच्या वर्षी त्या दिवशी मी रजा घेऊन आलो. कळंबोलीला ट्रकवाल्यांचा लहानसा गुरुद्वारा होता. बाळारामने तिथे लंगरसाठी तांदूळ आणला होता, डोक्यावरून, आणि आता पिशवीत हात घालून दाणे पुन्हा पुन्हा तपासत होता. नाखवाही आले होते.

"मीपन कायतरी आननार होतो," ते म्हणाले. "मासली चालत नाय बोलले."

"नाही चालत, नाखवा."

"मंग आमच्याकडं दुसरं हाय काय?"

अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना, सुरू झाली. प्रार्थना म्हणणाऱ्या भाईजींनी नाव घेतलं, नायक गुरमेल सिंग. मी सावधान उभा राहिलो. नंतर सगळे पंगतीत बसून जेवले. जेवण झाल्यावर नाखवा दिसेनात, म्हणून मी शोधत मागे गेलो. ते नळाजवळ उकिडवे बसून ताटं घासत होते, डोक्याला बांधलेला रुमाल ओला झालेला.

एक तरुण सेवादार त्यांच्या हातातलं ताट घेऊ पाहत होता. "बाबाजी, रहने दो. आप मेहमान हो."

नाखवांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोलतो?"

"तुम्ही पाहुणे आहात म्हणतो."

"त्याला सांग," नाखवा म्हणाले, "आज आमच्या मानसाचा दिस हाय." आणि त्यांनी पुढचं ताट ओढलं.

मी ते भाषांतर करून सांगितलं. मुलगा नाखवांच्या शेजारी बसून ताटं विसळू लागला.