बाटलीला हात लावू नका

आमच्या हिच्या धाकट्या भावाइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नाही. असलाच तर कृपा करून त्याला माझ्यासमोर आणू नका. बरं, तो काही वाईट करतो म्हणावं, तर तेही नाही. काहीच करत नाही, हीच तर माझी तक्रार! मी मिरचीचा व्यापारी. आमच्या धंद्यात माल पथारीवर पसरा, उलटा, निवडा, भरा. हात थांबला की माल काळा पडलाच म्हणून समजा. आणि हा माझा मेहुणा, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, तासन्‌तास एका बाटलीसमोर बसून राहतो आणि वर मलाच सांगतो, "काम चालू शे, दाजी."

काम काय, तर रेणू म्हणे आपले आपण जमतात. पाण्यात घातलेले हे रेणू एकमेकांना धरतात, त्यांचे डोळ्यांना न दिसणारे तंतू होतात, तंतूंचं जाळं होतं आणि त्यात अडकून पाणी दह्यासारखं थिजतं. बाटली हलवली की जाळं तुटलं, पाणी मोकळं. पुन्हा गप ठेवली की तेच रेणू पुन्हा जमतात. उद्या हे जखमेत भरायचं. जखम वेडीवाकडी असेल तसं ते बसेल आणि अंग तापलं की आतलं औषध आपणहून सोडेल, असं त्याचं स्वप्न. मी विचारलं, "अरे पण जमवतं कोण त्यांना?" तर म्हणाला, "कोन्हीच नही, दाजी. आपन फक्त मधमा पडानं नही."

हे तत्त्व त्यानं बाटलीपुरतं ठेवलं असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं? माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पंगत बसवायचं काम मी मूर्खासारखं याच्यावर सोपवलं. हा दरवाजे उघडून बाजूला उभा राहिला. माणसं म्हणे आपोआप बसतात! बसली ना. आमच्या गल्लीतली पोरं पहिल्या रांगेत, आणि माझे व्याही पाण्याच्या टँकरला टेकून, ताट मांडीवर घेऊन. मी फाडून खायला धावलो, तर हा शांतपणे म्हणतो, "पन सगळा बसनात ना?"

मग आमचं देवघर गेलं. नंदुरबारच्या उन्हाळ्यात घरातली तेवढीच एक खोली गार, म्हणून सुट्टीत बाटल्या तिथं आल्या. आल्या तर आल्या, पण त्यांना कंपनं चालत नाहीत म्हणून पूजेत घंटा वाजवायची नाही! माझ्या घरात, मी आणलेल्या देवांना, मी घंटा वाजवायची नाही! मी आवाज चढवला की ही पदर खोचून मध्ये उभी. "मन्हा भाऊले काही बोलू नका!" झालं. देवही गप, मीही गप.

शेवटी तो दिवस उजाडला. बाहेरगावची समिती कॉलेजात येणार होती. तिनं होकार दिला तर वाचनालयामागची प्रयोगाची छोटी खोली याच्याकडे राहणार, नाहीतर तिच्यात खेळाचं सामान भरणार. रिक्षात धक्के बसतात म्हणून माझी गाडी. हा बाटली मांडीवर घेऊन बसलेला, मी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मागून कोरीट गावचा एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला ओलांडून गेला. एवढं सोसून पोहोचलो म्हणून मी खोलीच्या दारातच उभा राहिलो.

यानं सगळ्यांसमोर बाटली हलवली, पातळ झालेलं दाखवलं आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "आता थोडा वेळ फक्त स्थिर राहू द्यायची." दोन मिनिटं झाली असतील नसतील, अध्यक्षांनी ती उचलली, तिरकी केली. "झालं का?" कसं होणार? खाली ठेवली, तर शेजारच्या बाईंनी उजेडात धरून पाहिली. मग प्राचार्यांनी उचलून पुन्हा अध्यक्षांना दाखवली. आणि आमचा हा! दर वेळी हात अर्धा पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. मोठ्या माणसांना नको कसं म्हणायचं! मला राहवेना. "अहो साहेब, खाली ठेवा ती बाटली! विरजणात कोणी घडोघडी बोट घालतं का?" प्राचार्य म्हणाले, "आपण जरा बाहेर थांबा." तेवढ्यात कोणीतरी भरीत निवतंय म्हणून सांगायला आलं आणि सगळे जेवायला उठले. प्रयोग फसला, असा शेरा भरीत खाताखाताच ठरला.

रिकाम्या खोलीत मी येरझाऱ्या घालत जगाचा उद्धार करत होतो. हा बाटलीसमोर खुर्ची ओढून बसलेला. बऱ्याच वेळानं त्यानं बाटली उचलली आणि सरळ उलटी केली. एक थेंब पडला नाही. "दाजी, जमी गयं," म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू! मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता त्यांच्या ताटाशेजारी नेऊन आपटू. तर म्हणे, "ऱ्हाऊ द्या ना. त्यास्ले घाई व्हती." मी कपाळाला हात लावला.

खोलीत कॅरमबोर्ड आले. ते आत ठेवू लागायलाही हाच! त्या दिवशी उलट्या धरलेल्या बाटलीचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण त्यानं दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेला पाठवलं होतं. त्यांनी बोलावून घेतलं, आणि हा गेलासुद्धा.

दर रविवारी फोन करतो. जेवणावरून, झोपेवरून, दाढीवरून काय काय बोलायचं ते मी आधीच ठरवून ठेवतो. पहिल्याच रविवारी म्हणाला, "दाजी, आठे माले एक टेबल दिन्हं शे. कोन्ही हात लावत नही." इतक्या आनंदानं म्हणाला की दाढीचं बोलणं मी पुढच्या रविवारवर ढकललं. एक टेबल आणि हात आवरणारी चार माणसं. याहून जास्त त्यानं आमच्याकडे तरी काय मागितलं होतं? तेवढंही आमच्या गावाला देता आलं नाही हो! ही रोज विचारते, कायमचा परत कधी येईल तो? मी येईल म्हणतो. पण खरं सांगा, कशाला येईल?