खारपाणातलं पाणी

शेगावच्या स्टेशनवर आईला गाडीत चढवताना बाबांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि नजर वळवली. पाय इतके सुजले होते की चपला हातात घ्याव्या लागल्या होत्या. "येतेच मी लवकर," आई खिडकीतून म्हणाली, "म्हशीले सरकीची ढेप टाकत जा." पुण्यात माझी नोकरी होती, म्हणून डायलिसिस तिथेच करायचं ठरलं होतं.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाण पट्ट्यात. उत्तरेला सातपुडा दिसतो, पण जमिनीत कुठंही भोक पाडा, खारंच पाणी लागतं. तेच पिऊन आम्ही सगळे वाढलो. लहानपणी हरणांचा कळप हापशीजवळच्या डबक्याला तोंड न लावता नाल्यातल्या पावसाच्या पाण्याकडे जायचा. "ते आपलं पाणी काऊन पीत नाहीत?" मी विचारायची.

"जनावराले निवडता येते माय," आई म्हणायची, "आपल्याले कुठं?"

पुढे नाले लवकर आटू लागले आणि हरणं डोंगराच्या अंगाला सरकली. आम्ही तिथंच राहिलो. गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या किडन्या जात राहिल्या, आणि आम्ही त्याला नशीब म्हणत राहिलो.

पुण्याच्या डॉक्टरांनी गाव विचारलं. "पाण्यानंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार," ते म्हणाले, "पण तुमच्या भागातले पेशंट फार येतात हो."

आईला दिवसभरात मोजकंच पाणी प्यायची मुभा होती. नळाचा घोट ती जिभेवर घोळवत बसायची. "याले चवच नाही व." फोनवर हे ऐकून बाबा हापशीच्या पाण्याचा कॅन घेऊनच पुण्याला आले. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तसे ते उखडले. "माही माय याच पाण्यावर म्हातारी झाली!"

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "ओतून द्या ते. लय पेलो आपण."

बाबांनी कॅन मोरीत उलटा केला आणि तो पार रिकामा होईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.

आई गावी परतलीच नाही. त्या हिवाळ्यात ती गेली. बाबांना मी इथंच राहा म्हटलं. "वावर कोण पाहीन?" एवढंच बोलून ते निघाले.

माझ्यासारखे बाहेर पडलेले कुणी भेटले की विचारतात, घरी जातेस का? जाते. मी येणार म्हटलं की बाबा फिल्टरच्या पाण्याचा जार आणून ठेवतात. मागच्या खेपेला जेवताना त्यांनी माझा गिलास जारमधून भरला आणि स्वतःचा मडक्यातून, हापशीच्या पाण्याचा.

"तुम्ही बी हेच प्या न, बाबा."

"थे पाहुण्याईसाठी हाय," ते सहज बोलून गेले.

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. आम्ही दोघं खाली मान घालून जेवत राहिलो.