कॉलर माझी

मावशींच्या ओठांत दोन-तीन सेफ्टी पिना धरलेल्या असायच्या, त्यामुळे आपलं नेहमीचं वाक्य त्या दातांतल्या दातांत म्हणायच्या, "समोरचं तू बघ. मागचं मी बघते."

तुमच्याही ऑफिसात अशा एखाद्या मावशी असतील. चहा देतात, टेबलं पुसतात, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना एचआरच्या आधी कळतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसातल्या मावशी दिव्याहून लोकलने यायच्या. गाव मंडणगडकडचं. अंगात कंत्राटदाराने दिलेला मरून कुर्ता आणि खिशात दोन लवंगा. लवंगा स्वतःसाठी नव्हेत, मीटिंगच्या आधी घसा सुकलेल्या मुलींसाठी.

पँट्रीच्या दारामागे खुंटीवर एक काळा ब्लेझर लटकत असायचा. तो मावशींचा. आमच्याकडे येण्याआधी अकरा वर्षं त्या दोन गल्ल्या पलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात होत्या. तिथे परदेशी ऑफिसातल्या बायकांचे ब्लेझर शिवले जायचे. मावशी फक्त कॉलर लावायच्या, दुसरं काही नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी त्यांनी हा एक पीस मागून घेतला. आतला खिसा भलत्याच बाजूला लागला म्हणून तो रिजेक्ट झालेला होता.

"बाकीचा कोणी शिवला, माहीत नाही बाय," त्या सांगायच्या. "कॉलर माझी."

चारच्या चहाला त्या पँट्रीच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. खाली टेम्पो लागलेले, समोर पत्र्याच्या शेड आणि त्यांच्यावर रेंगाळणारं पिवळं ऊन. हातातला कप तसाच ठेवून म्हणायच्या, "आता तिकडे उठल्या असतील. कपाट उघडून उभ्या असतील, आज काय घालू म्हणून." मग एक घोट घेऊन, "एखादीने माझ्या कॉलरचा काढला असेल." अशा वेळी त्यांच्याशी बोलावंसं वाटायचं नाही. मलाही त्या शेडच्या पलीकडे कुठेतरी एक थंडगार खोली दिसायची, आरशासमोर उभी एक उंच बाई दिसायची, आणि तिची पाठ आमच्याकडे असायची.

एकदा ऑफिसात फर्मान निघालं की सोमवारपासून सगळ्यांनी 'बिझनेस कॅज्युअल'मध्ये यायचं. म्हणजे नेमकं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज. अकाउंट्सच्या बाई भाचीच्या साखरपुड्यातला जरीकाठी कुर्ता घालून आल्या. आम्ही डोंबिवलीच्या चौघी एकमेकींना न सांगता स्टेशनजवळच्या एकाच सेलमधून एकच आकाशी शर्ट घेऊन आलो. वॉचमनने आम्हाला गेटवर थांबवून कोणत्या बँकेच्या म्हणून विचारलं.

दुपारी पँट्रीत मावशींनी आमची शिकवणी घेतली. "ऑफिसचा कपडा असा हवा, की सकाळी घातला आणि विसरलो. सारखं ओढत बसलीस तर समोरचा तुला ऐकेल की तुझा शर्ट बघेल?" एकीची पँट त्यांनी तिथल्या तिथे दोन बोटं वर घेतली, एकीच्या ओढणीला सुट्टी दिली. माझ्या आकाशी शर्टावर स्वतः ब्लेझर चढवला. मी अंगाने काटकुळी, ब्लेझर ढगळ. त्या मागे गेल्या, पाठीवर चार पिना लागल्या, आणि आरशात अचानक एक वेगळीच मुलगी उभी राहिली. ताठ, शांत, काहीतरी ठरवून आलेली. मी तिच्याकडे बघतच राहिले. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लोकांचे कपडे काय घालतेस!" पण खरं सांगते, मी त्या मुलीच्या प्रेमात पडले होते.

त्यानंतर तो ब्लेझर ऑफिसातल्या सगळ्या मुलींचा झाला. कुणाचं प्रेझेंटेशन, कुणाची व्हिडिओ मीटिंग, कुणाची चोरून दिलेली दुसरीकडची मुलाखत. प्रत्येकीच्या मापाच्या पिना मावशींना पाठ होत्या. त्यांनी स्वतः मात्र तो कधी घातलेला मी पाहिला नाही.

मग आमच्या रिसेप्शनवरची मुलगी लग्न होऊन गेली आणि तिची जागा निघाली. मावशींची बारावी झालेली होती, टायपिंगची परीक्षाही दिलेली. ऑफिसातला प्रत्येक एक्स्टेन्शन नंबर त्यांना तोंडपाठ होता. शिवाय हाऊसकीपिंगचं कंत्राट बदलणार असल्याची कुणकुण होती, म्हणजे नोकरी राहील की नाही याचा भरवसा नव्हता. अर्ज मीच टाइप करून दिला. मुलाखत ठरली शुक्रवारी, साडेअकराला.

"काय घालू गं?" त्यांनी मला विचारलं. मावशींनी, मला!

"ब्लेझर. आणि मागचं मी बघते."

त्या लाजल्या. पिशवीतून एक पांढरा शर्ट काढून दाखवला, घडीचा, इस्त्री केलेला. "ह्याच्यावर उठून दिसेल ना? कुर्त्यात गेले तर त्यांना चहावालीच दिसणार."

शुक्रवारी दहाला माझी क्लायंटबरोबर व्हिडिओ मीटिंग निघाली. अचानक, आणि मोठी. मावशींनीच ब्लेझर आणला. "तोवर होईल तुझं," म्हणाल्या आणि पाठीवर चार पिना लावल्या.

नाही झालं. सव्वाअकरा झाले, क्लायंटचे प्रश्न संपेनात. मीटिंगरूमच्या काचेबाहेर मावशी येऊन उभ्या राहिल्या. पांढरा शर्ट तसाच घडी केलेला, हातावर. ब्लेझर मिळाला की सगळं एकदम घालायचं म्हणून त्या अजून कुर्त्यातच होत्या. मी टेबलाखालून बोटांनी खूण केली, दोन मिनिटं. पाच मिनिटांनी पुन्हा तीच खूण. कॅमेरा बंद करून ब्लेझर काढून द्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. आत माझाही आकाशी शर्ट होता, कुणाचं काय बिघडलं असतं? पण मला त्या आरशातल्या मुलीला सोडवेना. तिच्याशिवाय मी क्लायंटशी एक वाक्य बोलू शकणार नाही, असं मला वाटलं. भ्याले मी.

साडेअकराला समोरच्या केबिनमधून त्यांना हाक आली. शर्ट बदलायलाही वेळ उरला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला, असू दे, असू दे असा, आणि मरून कुर्त्यातच त्या आत गेल्या.

मुलाखत घेणारे साहेब नवे होते. कुर्ता बघून त्यांना वाटलं, चहाचं विचारायला आल्यात. त्यांनी तीन कॉफी सांगितल्या. मावशी बाहेर आल्या, कॉफी केली, नेऊन दिली आणि मग म्हणाल्या, "मुलाखतीसाठी पण मीच आहे." हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. जागा मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

मीटिंग संपल्यावर मी पँट्रीत धावले. मावशींनी मला पाठमोरं वळवलं आणि एकेक पिन काढायला लागल्या.

"बाहेरून बघत होते मी," त्या म्हणाल्या. "कॉलर मस्त बसलेली."

एवढंच. ना रुसवा, ना टोमणा. चिडल्या असत्या तर मी निदान रडून मोकळी झाले असते. महिनाअखेर कंत्राट बदललं आणि सोमवारी पँट्रीत दुसऱ्या मावशी होत्या. ब्लेझर मात्र खुंटीवर तसाच होता आणि त्याच्या चुकीच्या खिशात दोन लवंगा होत्या. माझ्याकडे त्यांचा नंबर होता. काय बोलायचं ते ठरेपर्यंत तो लागेनासा झाला.

आता मी ठाण्यातच दुसऱ्या, मोठ्या ऑफिसात आहे. माझे स्वतःचे तीन ब्लेझर आहेत, मापाने शिवलेले. पाठीवर एकही पिन लागत नाही. परवा परदेशातून आमची एक क्लायंट आली होती, उंच, पिकल्या केसांची. लिफ्टमध्ये मी तिच्या मागे उभी होते. तिचा काळा ब्लेझर बराच जुना होता, कोपरावर झिजलेला, पण कॉलर मानेला अशी बसलेली, की जणू आजच लावली आहे. मजले सरकत होते आणि मी त्या कॉलरकडे बघत होते. तिच्या पाठीवर एक पांढरा दोरा चिकटला होता. मी तो हलकेच उचलला.

ती वळली. काय झालं, असं तिने डोळ्यांनीच विचारलं.

मला इंग्रजी सुचेना. "काही नाही," मी मराठीतच म्हणाले, "ही कॉलर आमच्या मावशींची आहे."

ती हसली, तिला काहीच कळलं नव्हतं. मजला आला, दार उघडलं, ती ताठ मानेने पुढे गेली. मी दोरा मुठीत धरून लिफ्टमध्येच उभी राहिले.