डेव्हनचा पंखा

सुमन आणि मी शेवटचं एकत्र केलेलं काम म्हणजे मेथी निवडणं. अमेरिकेत, चँडलरला, मुलाच्या किचनमध्ये. "अहो, काड्या कोण खाणार, तुम्ही?" एवढं म्हणाली, हात धुतले आणि दुपारची पडली. ती उठलीच नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. भुतं, मुंजा, अंगात येणं... असलं सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. आजही हसेन. पण हे माझ्या बाबतीत झालं म्हणून सांगतो. टाइप सूनबाई करते आहे, बोलणं माझं.

दहाव्याला पार्कमध्ये पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही शिवेना. हात जोडून एकेक कबूल करत गेलो – नातीला मराठी शिकवू, तुझ्या बहिणीला अंतर देणार नाही... काही नाही. शेवटी व्हिडिओवरच्या गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववायला लावला.

"झालं, बाबा," प्रशांत म्हणाला. प्रशांत म्हणजे मुलगा.

"तुझं झालं. तिचं काहीतरी राहिलंय. ते कळेपर्यंत अस्थी हलणार नाहीत."

अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून कलश गॅरेजमध्ये टांगला. मी रोज तिथे खुर्ची टाकून बसायचो. एकदा प्रशांत चिडलाच. "आईला अजून किती दिवस असं टांगून ठेवणार?"

त्या दिवशी मला डेव्हन आठवलं.

मी एअर फोर्समध्ये हेल्पर होतो. डेव्हन म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात बनलं ते साधं प्रवासी म्हणून, मग लष्करानं घेतलं. आपल्याकडे साहेबांची ने-आण आणि पोरांना शिकवणं, दोन्ही त्यावर. इंजिनं उलटी बसवलेली, त्यामुळे रात्रभर तेल खाली सिलिंडरमध्ये उतरायचं. सकाळी पंखा, म्हणजे पुढचा प्रोपेलर, हातानं फिरवून ते मोकळं केल्याशिवाय स्टार्ट करायचं नाही. ते काम माझं.

खंडेनवमीला घरच्यांना हँगरमध्ये सोडायचे. एका वर्षी सुमननं पंख्याला कुंकू लावलं आणि हट्टानं फिरवायला घेतला. अर्ध्यात थांबली, दम खाल्ला, मग उरलेला ढकलला. मी ओरडलो. मध्ये थांबलं की पातं उलटं मारतं, हात मोडतो. ती म्हणाली, "एवढी सेवा केली, आता आत बसवा की." बसवता आलं नाही. पुढे नवी विमानं आली, डेव्हन भंगारात गेली.

इथून दोन तासांवर वाळवंटात जुन्या विमानांचं म्युझियम आहे. कोरड्या हवेत गंजत नाहीत म्हणे. तिथे एक डेव्हन उभं आहे. कलश पिशवीत घेतला आणि प्रशांतला गाडी काढायला लावली. तिथल्या म्हाताऱ्या गोऱ्या व्हॉलंटियरला त्यानं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली, दार उघडलं. "टेक युवर टाइम, सर."

आत भट्टी. खिडकीजवळ कलश ठेवला, मी शेजारी बसलो. तेवढ्यात धुळीचं वादळ आलं. "स्टे इनसाइड!" म्हणून म्हाताऱ्यानं दार लावलं आणि तो नि प्रशांत शेडकडे पळाले. बाहेर सगळं तपकिरी. पंखसुद्धा दिसेना.

आणि डाव्या इंजिनाकडून आवाज आला. खट्ट.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. कोणीतरी पंखा फिरवत होतं. विमान जरासं हललं. अर्धा फेरा... थांबला. दम खाण्याइतका. मग उरलेला. पुन्हा अर्धा... थांबला.

एकच डोक्यात – पातं उलटं मारेल. तोंडातून निघालं, "सुमन, मध्ये थांबू नकोस."

जरा वेळ काहीच नाही. मग एक फेरा झाला. पूर्ण, न थांबता. त्यानंतर नुसती वाळू.

वादळ गेल्यावर दार उघडलं. पंखा कोण फिरवत होतं, मी विचारलं. म्हाताऱ्यानं मला समोर नेलं. दोन्ही पंखे साखळीनं बांधलेले. इंजिनं पोकळ, आतलं सगळं केव्हाच काढून नेलेलं. "नोबडी, सर."

"पत्रा तापतो, बाबा. वारा होता," प्रशांत म्हणाला.

असेल. पण वारा असा दम खात नाही. बरं, तीच होती असंही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मला माहीत नाही. कोणाला काही माहीत असेल तर लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला आणि प्रशांतला उठवलं. "नदी कुठली म्हणत होतास, तिकडे चल." कोलोरॅडोचं पाणी फार गार होतं. अस्थी मीच सोडल्या. हात बराच वेळ पाण्यातच ठेवला, मग काढला.