एका ओळीची लायब्ररी

कीबोर्डच्या फटींत फरसाण साठतं, तसे आमच्या ऑफिसात किस्से साठत गेले. मुद्दाम कोणी गोळा केले नाहीत. पण कीबोर्ड उलटा करून झटकला की पडायला लागतात, आणि आपण एवढं कधी खाल्लं, हेच कळत नाही!

कॅनडातून शिकून परत आले तेव्हा माझ्या डोक्यातलं चित्र पक्कं होतं. मराठी मुलांना प्रोग्रॅमिंग मराठीतून शिकवायचं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर आपण लिहायचं, जगाला फुकट द्यायचं, आणि जगभरच्या प्रोग्रॅमरनी त्यावर आपल्याशी भरभरून चर्चा करायची.

प्रत्यक्षात २००९ साली मी सूस गावात, एका हार्डवेअरच्या दुकानावर, तीन टेबलांच्या ऑफिसात बसले होते. चर्चेला शेजारी लातूरचा गायकवाड, समोर आमचे बॉस, नागपूरचे शेंडे सर, आणि खाली दुकानाचे अन् जागेचे मालक नाना. नाना मात्र कुठल्याही विषयावर चर्चेला तयार असत!

काम होतं लवळ्याच्या एका कॉलेजसाठी मराठी धडे तयार करण्याचं. धडे मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात दोन-चार खुणा करून लिहायचे. मध्ये कोड आला की त्याच्या डोक्यावर नागमोडी रेघांची एक ओळ. त्या ओळीतच कोडची माहिती: पहिला शब्द प्रोग्रॅमिंगची भाषा, मग नाव, मग कोड चालवायचा की नुसता दाखवायचा. ही एक ओळ वाचून समजून घेणारा छोटासा प्रोग्रॅम मी लिहीत होते. दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येईल अशा तयार कोडला आमच्यात लायब्ररी म्हणतात.

आमच्यात. नानांच्यात नाही.

* * *

"काय करता ओ ताई दिसभर?" नानांनी विचारलं.

"लायब्ररी करतेय, नाना. छोटीशी."

नानांचा चेहरा उजळला. दोन दिवसांनी जिन्यापाशी पाटी: 'लायब्ररी वर आहे. चपला खाली काढाव्यात.' त्याच दुपारी दोन आजोबा वर आले, पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसले आणि म्हणाले, "पेपर कुटं हाय?"

मी खाली धावले. "नाना, ही पुस्तकांची लायब्ररी नाही. ती कॉम्प्युटरच्या आत असते."

नाना वर आले. माझ्या मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं, बाजूनं पाहिलं.

"हितं?"

"हो."

"लईच छोटी हाय व्हय!"

पाटी निघाली नाही. आजोबाही नाहीत. शेंडे सरांनी शेवटी त्यांच्यासाठी पेपर लावला.

* * *

शेंडे सरांचा स्वभाव चांगला, पण त्यांना गोष्टी पूर्ण झालेल्या आवडत.

"काय करून राहिली तू इतके दिवस? एकच ओळ वाचायची आहे ना?"

"सर, ओळ कोणी कशीही लिहितं. अवतरण चिन्ह उघडतात, बंद करत नाहीत. आकडे कधी मराठी, कधी इंग्रजी. लायब्ररीला एकेक अक्षर तपासत जावं लागतं."

तेवढ्यात कॉलेजचा फोन आला. सर म्हणाले, "हो जी, प्रगती चांगली आहे. अक्षरओळख होऊन राहिली."

* * *

मग 'नाही'चं प्रकरण झालं. कोड चालवायचा नसेल तर ओळीत 'चालवा=नाही' लिहायचं, असं मी ठरवलं होतं.

गायकवाड म्हणाला, "ताई, आमच्याकडचा माणूस नगं लिहील."

"मी नको लिहीन," सर म्हणाले.

नाना भाड्याच्या पावतीला आले होते. ते म्हणाले, "आमी न्हाई म्हनतो."

मी ठाम होते. बाहेर शिकलेलं माणूस नियमाबाबत ठामच असतं! "मान्य शब्द एकच. नाही."

"आन् बाकी कायबी लिवलं तर?" नाना म्हणाले.

"तर कोड चालेल."

नानांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "तीन-तीन मानसं नगं, नको, न्हाई म्हनत्यात, अन् तुमचं मशिन चालूच? लगीन जमवायला ठेवा की त्याला!"

त्या दिवशी लायब्ररीत चार नकार आले.

* * *

धडे लिहीत होते पौडचे ढमाले गुरुजी. निवृत्त शिक्षक, साठीनंतर कॉम्प्युटर शिकलेले. त्यांचे धडे म्हणजे समोर बसवून सांगितल्यासारखे. मराठी धड्यांवर सगळ्यात जास्त विश्वास कोणाचा, तर त्यांचा आणि माझा. कॉलेजच्या समितीला धडे इंग्रजीतच हवे होते. "एकदा दाखवा, मग बघू," एवढंच समितीनं कबूल केलं होतं.

मी गुरुजींना ओळ लिहिण्याचे नियम पाठवले. अकरा पानी, मुद्देसूद. त्यांचा फोन आला.

"ताई, नियम वाचले. अतिशय स्पष्ट. फक्त अकरा पानांत एकदाही कृपया नाही."

मी हसले. गुरुजी हसले नव्हते, हे मला नंतर कळलं.

* * *

लवळ्याला समितीसमोर धडे उघडले. प्रोजेक्टर, पडदा, मागे रांगेत बसलेली मुलं. पहिला धडा. कोडच्या जागी लाल अक्षरांत, पडदाभर:

'अनोळखी भाषा: कृपया'

दुसरा धडा. 'अनोळखी भाषा: कृपया'. तिसरा. तेच! माझ्या नियमांतली उणीव गुरुजींनी स्वतः भरून काढली होती. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द, कृपया.

मुलं हसायला लागली. समितीचे प्रमुख गुरुजींकडे वळले. "गुरुजी, ही कृपया कुठली भाषा?"

गुरुजी उभे राहिले. "सर, ती तुमच्या संगणकाला येत नाही, एवढं दिसतंय."

प्रमुख हसले नाहीत. "उद्या दुपारपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर इंग्रजी."

* * *

संध्याकाळी सर म्हणाले, "गुरुजींना सांग, शब्द काढून टाका." मी फोन लावला. गुरुजी पौडच्या स्टँडवर नुकतेच उतरले होते. मागे एसटीचा घरघराट.

"गुरुजी, त्या ओळींमधलं कृपया काढा."

"काढतो की. काय काढू?"

"कृपया."

"अहो, एवढं विनवू नका. काय काढू ते सांगा."

"कृपया, गुरुजी!"

"ताई, तुम्ही रडताय का?"

गायकवाड टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मी शब्द सुटा करून, अक्षर-अक्षर सांगितला. क-ला ऋकार, प, य-ला काना.

"म्हणजे तेच काढायचं?"

"हो."

"बरं. पौडला उद्या सकाळी लाइट नाही. आली की सायबर कॅफेत बसून सगळ्या धड्यांतून काढतो." मग थांबून, "पहिल्या धड्यातलं तेवढं राहू दिलं तर चालेल का? मुलं नवीन असतात."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सर्वांत आधी मी पोचले. आजोबा पेपर घेऊन बसलेच होते. मी लायब्ररीतली ओळखीच्या भाषांची यादी उघडली. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन.

खाली आणखी एक लिहिली, आणि धडे कॉलेजला पाठवून दिले.